मामंजींना वाचून दाखवलेले अग्रलेख

मला पाहायला आले तेव्हा पोहे कसे झालेत हे कुणी विचारलंच नाही. आमच्या नातेपुत्यात मुलगी पाहायची म्हणजे नाव, शिक्षण, सुईत दोरा ओवता येतो का, फार तर एखादं भजन. पण माझे होणारे सासरे बशी बाजूला सारून पिशवीत हात घालून बसले होते. त्यांनी पिशवीतून घडी घातलेला इंग्रजी पेपर काढला, मधलं पान उघडलं, डावीकडच्या मजकुरावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितनं हितपर्यंत वाचा, बाई."

मी हायस्कुलातल्या इंग्रजीच्या मास्तरांची मुलगी, बी.ए. झालेली. वाचलं. मग म्हणाले, "आता ह्येच मराठीत सांगा." तेही सांगितलं. आई आतल्या दारात कपाळाला हात लावून उभी होती. गृहस्थांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि स्वतःच्या मुलाकडे न बघताच सांगून टाकलं, "पसंत हाय." मुलाला मी आवडले की नाही हे मला पुढे सहा महिने कळलं नाही. बापाला मात्र मी पहिल्या दिवसापासून पसंत होते.

कारण लग्नानंतर समजलं. काचबिंदूनं त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसरा जायच्या बेतात होता. सून आणायची ती इंग्रजी वाचणारी, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. हुंडा नको, मानपान नको. मला त्याचा राग आला होता, खोटं कशाला सांगू? बायको म्हणून नाही, चष्मा म्हणून घरात आणलं, असं मी धाकट्या बहिणीला पत्रात लिहिलं होतं.

सोलापुरातलं आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, पुढे ओसरी. गल्ली सगळी मागवाल्यांची, त्यामुळे सकाळी सातपासून खटखट सुरू व्हायची ती बंद पडली तरच लक्षात यायची. मामंजी गिरणीत टाइमकीपर होते. मी आले त्या वर्षी ते रिटायर झाले आणि दुसऱ्या वर्षी सासूबाई गेल्या. सासूबाईंशी ते कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. त्या गेल्यावर घरातलं कानडी जवळजवळ संपलंच. फक्त अग्रलेख मनासारखा असला की मान हलवत "हौदु, हौदु" म्हणायचे. होय, बरोबर, असं. ते माझ्यासाठी नसायचं, पेपरासाठी असायचं.

मुंबईहून रात्रीच्या गाडीनं निघालेला पेपर आमच्या दारात यायला सकाळचे दहा वाजायचे. तोवर माझ्या भाकरी उरकलेल्या असायच्या. मामंजी ओसरीवर खुर्चीत, मी उंबऱ्यावर. पहिल्या पानावरचे नुसते मथळे वाचायचे आणि थेट मधलं पान गाठायचं. त्यांचा नियमच होता. "पयलं पान मालकाचं. शेवटचं पान खेळणाऱ्यांचं. मधलं डावीकडचं तेवढं संपादकाचं. मालक बदलतो, संपादक बदलतो, पर ती जागा बदलत न्हाय."

त्या पेपराचा इतिहास त्यांना सोयरिकीसारखा पाठ होता. इंग्रजांच्या काळात मुंबईतल्या चार-दोन वकिलांनी तो सुरू केला, सरकारनं जामीन मागितला, तो जप्त झाला, पेपर बंद पडला, पुन्हा उभा राहिला. स्वातंत्र्य आलं आणि चारच वर्षांत एका गिरणीवाल्या शेटजींनी तो विकत घेतला. तिथपासून त्याचा कल कधी इकडे, कधी तिकडे. कामगारांनी संप केला की पहिल्या पानावर कामगार गुंड ठरायचे आणि मधल्या पानावर त्याच दिवशी लिहिलेलं असायचं, की गुंडांच्या पोटालाही भूक असते. मामंजींना हे फार आवडायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी पेपर मराठी माणसाच्या विरोधात गेला, तेव्हा चिडून त्यांनी तो बंद केला होता. अकरा दिवस. बाराव्या दिवशी स्वतःच पेपरवाल्याकडे जाऊन आले. सासूबाई म्हणायच्या, "मी माहेरी गेले तर पंधरा दिस विचारत न्हाईत."

पेपरावर एवढा जीव का, तेही त्यांनीच एकदा सांगितलं. तीस साली सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. रस्त्यावर लष्कर. जे डोळ्यांनी पाहिलं ते मोठी माणसं बोलायला तयार नव्हती. घरातल्या घरातसुद्धा, "तसं काय झालं न्हाई, गप बस," असं म्हणायची. काही दिवसांनी सुताच्या गठ्ठ्यात घालून कुणीतरी हा पेपर शहरात आणला. यांना इंग्रजी जेमतेम यायचं. एका मास्तरांनी दार लावून वाचून सांगितलं. जे पाहिलं होतं ते सगळं त्यात होतं. "त्या दिवशी कळलं," मामंजी म्हणाले, "की मी येडा न्हाय." नंतर ते त्या पेपरासाठीच इंग्रजी शिकले. 

हे ऐकल्यावर माझा राग गेला. उलट दहा वाजायची मीच वाट बघायला लागले. घरात माझं मत कुणी विचारायचं नाही. नवरा बँकेत, संध्याकाळी दमून यायचा, जेवून रेडिओला कान लावायचा. दिवसातला तो अर्धा तास सोडला तर मी काय शिकले आहे हे मलाही आठवायचं नाही.

चारच्या सुमाराला ओसरीवर दोन-तीन रिटायर माणसं यायची. त्यांतला रोजचा एकच. तो गिरणीत जॉबर होता, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम. घरी तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. त्याला आम्ही जॉबरमामा म्हणायचो. सकाळी मी जे वाचलं ते मामंजी चार वाजता त्याला सांगायचे आणि तो आठ वाजेपर्यंत गल्लीत पोचवायचा. "इंग्रजी पेपरात आलंय," म्हटलं की वाद मिटायचा. मामंजींचा गल्लीतला मान तेवढ्यावर उभा होता. पैसाअडका नव्हता, डोळेही गेले होते. पण अण्णा, म्हणजे मामंजी, सांगतात ते छापलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

पंचाहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. रेडिओवर पंतप्रधानांचं भाषण झालं. मामंजींनी ते उभं राहून ऐकलं. भाषण संपल्यावर म्हणाले, "रेडिओ सरकारचा. त्याचं काय ऐकायचं? आपला काय म्हणतो बघू." दुसऱ्या दिवशी नऊ वाजल्यापासूनच ते खुर्चीत येऊन बसले. अंगावर धुतलेला शर्ट होता.

पेपर आला. मी मधलं पान उघडलं. डावीकडे लिहिलं होतं, की देशाला शिस्तीची गरज होतीच, कडू औषध रोग्याच्या भल्यासाठीच असतं, आणि सुजाण नागरिक या निर्णयाचं स्वागत करतील.

मी वर बघितलं. मामंजी मान पुढे काढून बसले होते, एक हात कानामागे. "वाच की. फाडलं आसंल आज त्यानं."

मी काय करायला हवं होतं हे आज मला नीट माहीत आहे. तेव्हाही होतं. पण सासूबाई जाऊन दोन-अडीच वर्षं झालेली, डोळ्यांपुढे पूर्ण अंधार झालेला, आणि तो माणूस धुतलेला शर्ट घालून बसलेला. मी म्हणाले, "सरकारनं लोकांना विश्वासात न घेता हा निर्णय का घेतला, असं विचारलंय." आणि मग सुचेल ते पुढे जोडत गेले. इतकी वर्षं ते पान वाचून संपादकाची धाटणी माझ्या जिभेवर बसली होती. आधी सरकारच्या चार अडचणी मान्य करायच्या, मग "तथापि" म्हणायचं, आणि तथापिच्या पुढे फटका द्यायचा. मी फटका दिला.

"हौदु," मामंजी म्हणाले. "सेन्सॉर बसलाय म्हणत्यात, तरी छापलं बघ. मार्शल लॉमदीबी छापलं हुतं."

एका दिवसापुरतं म्हणून केलं होतं. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाशी जुळवून घ्यावं लागलं, तिसऱ्या दिवशी दोन्ही दिवसांशी. आठवड्यानं मला सवय झाली आणि महिन्याभरानं त्यात मजा वाटायला लागली, हेही कबूल केलं पाहिजे. भाकरी थापता थापता मी उद्याचा अग्रलेख मनात जुळवायचे. एकदा सुताच्या भाववाढीवर आणि हातमागवाल्यांवर लिहिलं, म्हणजे मनात लिहिलं. ज्या देशात तोंड उघडायला बंदी असते तिथं सुताचा भाव कोण विचारणार, असा शेवट केला होता. मामंजी खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "ईस वर्सांत असं लिवलं नव्हतं यानं. नवा संपादक आलाय जणू." मी आत जाऊन पाणी प्यायले. मला हसूही आलं आणि अभिमानही वाटला. मोठ्या पेपराची संपादक झाले होते मी, वाचक एक का असेना.

नवऱ्यानं एका रविवारी ऐकलं आणि आत येऊन विचारलं, "हे खरंच छापलंय?" मी सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, "आवाज तरी हळू ठेव." बस, एवढंच. थांब असं तोही म्हणाला नाही.

मामंजींबद्दल एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. ते धाडसी नव्हते. गिरणीत सदतीस वर्षं काढली, पण वरच्या साहेबापुढे कधी चढा आवाज नाही. छापून आलेलंच बोलायचं, न छापलेलं बोलायचं नाही, ही त्यांची रीत होती. छापलेलं म्हणजे कुणीतरी त्याची जबाबदारी घेतलेली, म्हणजे आपल्याला बोलायला मोकळीक. मी दोनदा म्हटलं, "मामंजी, बाहेर नका बोलू हे." त्यावर ते हसले. "सेन्सॉरनं पास केलेलं बोलाया काय भ्यायचं?" मराठी पेपरं सगळी भ्याली, आपला तेवढा भ्याला नाही, असं ते गल्लीला सांगत सुटले. भित्रा माणूस माझ्या जिवावर शूर झाला होता, आणि माझ्या जिवात काहीच दम नव्हता.

पावसाळा संपता संपता जॉबरमामाच्या मुलाला पोलिसांनी नेलं. तो युनियनचं काम करायचा. कुठे नेलं, कुठल्या कायद्याखाली नेलं, काही पत्ता नाही. जॉबरमामा चौकीत गेला, कचेरीत गेला, पुण्याला येरवड्यापर्यंत जाऊन आला. दीड महिना झाला तरी सून आणि नातवंडं घेऊन तो नुसता फिरत होता. एका दुपारी आमच्या ओसरीवर बसून तो रडला. एवढा दांडगा माणूस, आवाज न करता रडत होता. "अण्णा, मेला का जिता हाय एवढं तरी सांगावं की हो. भेटवू नगा. कुटं हाय एवढंच सांगा." मामंजींनी हातानं चाचपून त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशीचा माझा अग्रलेख त्याच्यावरच होता. दुसरं काही मला सुचलंच नाही. सरकारला माणसं अटकेत ठेवायची असतील तर ठेवो, पण कुठे ठेवलं हे घरच्यांना कळवणं बंधनकारक आहे. घरच्यांनी विचारलं तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागेल. मला कायदा माहीत नव्हता. मी संपादकाच्या आवाजात ठोकून दिलं. त्या माणसाला एक दिवस बरं वाटावं, एवढाच हेतू.

चार वाजता मामंजींनी ते जॉबरमामाला सांगितलं. तो उठून उभा राहिला. "छापून आलंय?"

"आलंय म्हंजे? बंधनकारक हाय म्हणून छापलंय."

मी आत चहा गाळत होते. त्याच वेळी बाहेर यायला हवं होतं. आले नाही.

त्याच आठवड्यात महापालिकेच्या शाळेत वीस कलमी कार्यक्रमाची माहिती द्यायला कचेरीतले एक साहेब आले. प्रत्येक घरातून एक माणूस यावा असा निरोप फिरला होता. नवरा कामावर, म्हणून मामंजींना धरून मी गेले. बायका मागे भिंतीशी बसल्या, मामंजी पुढे जॉबरमामाच्या शेजारी. साहेबांनी कलमं वाचून दाखवली. कुणाला काही विचारायचंय का, असं म्हणायची पद्धत असते, तसं म्हणाले. कुणी विचारत नसतं.

मामंजी काठी टेकत उभे राहिले.

"साहेब, एक हाय. ह्या माझ्या दोस्ताचं पोरगं तुमच्या लोकांनी नेलंय. कुटं ठेवलंय ते सांगावं. परवाच पेपरात आलंय, की घरच्यांनी इचारलं तर सांगणं बंधनकारक हाय."

साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या पेपरात, आजोबा?"

मामंजींनी पेपराचं नाव घेतलं. मान वर करून घेतलं. "मधलं पान. डावीकडं. मागवून बघा."

साहेबांनी मागवला. मुख्याध्यापकांच्या खोलीत तोच पेपर यायचा. आठवड्याचे सगळे अंक आले. मी भिंतीशी बसले होते, पाच पावलांवर. साहेबांनी परवाचा अंक उघडला, डावीकडचा मजकूर मोठ्यानं वाचला आणि मराठीत सांगितला. गाड्या वेळेवर धावतात, कचेऱ्यांत माणसं वेळेवर येतात, मूठभर उपद्रवी लोक गजाआड गेल्यानं देशानं सुटकेचा श्वास घेतला. आदल्या दिवसाचाही वाचला. तोही तसाच.

मामंजी उभेच होते. त्यांनी मान माझ्या दिशेला वळवली नाही. आंधळ्या माणसाला कुणी कुठे बसलंय हे बरोबर कळतं, आणि मी कुठे बसले होते ते त्यांना ठाऊक होतं. तरी नाही वळवली.

"हे तुम्हाला कुणी वाचून दाखवलं?" साहेबांनी विचारलं.

"कुनी न्हाय," मामंजी म्हणाले. "डोळे गेल्यात माजे. मीच आपलं मनानं... डोकं चालत न्हाय आता, साहेब. म्हातारा झालो."

मागे कुणीतरी हसलं. जॉबरमामा मामंजींकडे बघत होता. मग तो हळू आवाजात बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "अण्णा, माझ्या पोराची चेष्टा केली व्हय तुमी?"

मामंजी काठी चाचपत खाली बसले.

मी उठले नाही. उठून "मी वाचून दाखवलं" असं म्हणायला तीन शब्द लागतात. नवऱ्याची नोकरी जाईल, मला नेतील, घर उघड्यावर पडेल, ही सगळी कारणं मला त्या क्षणी सुचली आणि सगळी खरी होती. पण पहिलं कारण यातलं एकही नव्हतं. मला लाज वाटली, म्हणून मी बसून राहिले.

साहेबांबरोबर आलेल्या हवालदारानं मामंजींना चौकीत नेलं. संध्याकाळी नवऱ्यानं लेखी अर्ज दिला, की वडिलांच्या डोक्यावर परिणाम झाला असून त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. त्या अर्जाखाली वडिलांचीही सही घेतली. मामंजींनी अंदाजानं इंग्रजीत सही केली, ती ओळ सोडून खाली गेली होती. दिवे लागायच्या आत ते घरी आले. हातपाय धुतले. थोडा दहीभात खाल्ला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते खुर्चीत येऊन बसले. शर्ट कालचाच होता.

"वाच," म्हणाले. "जे हाय ते."

मी वाचलं. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. शिस्त, प्रगती, सुजाण नागरिक. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. हौदु म्हणाले नाहीत. मग विचारलं, "कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"सुताच्या भावाचा?"

"माझाच."

बराच वेळ ते काठीची मूठ चोळत राहिले. "त्यो चांगला हुता," म्हणाले, आणि उठून आत गेले. मला त्यांनी दोन मारायला हव्या होत्या. मला ते सोपं गेलं असतं.

त्यानंतर जवळजवळ दीड वर्ष मी रोज तो पेपर अक्षरन्‌ अक्षर वाचून दाखवला. त्यांनी एकही दिवस खाडा केला नाही, मलाही करू दिला नाही. ताप असला तरी वाचायचं. ही शिक्षा होती की काय, मला अजून सांगता येत नाही. शिक्षा असेल तर ती त्यांनी स्वतःलाही करून घेतली, कारण रोज ते पान ऐकताना त्यांचा चेहरा आजाऱ्यासारखा व्हायचा. सतराव्या वर्षी ज्या पेपरानं तू वेडा नाहीस असं सांगितलं होतं, त्याच पेपरामुळे ते आता गल्लीत वेडे ठरले होते. नाही, पेपरामुळे नाही, माझ्यामुळे. पेपरानं त्यांना कधी काही कबूल केलं नव्हतं. 

चार वाजता कुणी येईनासं झालं. बायका मला नळावर विचारायच्या, "अण्णांचं डोकं कसं हाय आता?" मी "बरंय" म्हणायचे. जॉबरमामाच्या घरी जाऊन खरं सांगावं म्हणून मी दोनदा निघाले. एकदा त्याच्या दारापर्यंत गेले. आत माग चालू होता, सून कांड्या भरत होती. मी हळदीकुंकवाला आल्यासारखी दोन शब्द बोलून परत आले. मामंजींना ते कळलं. म्हणाले, "सांगू नगंस. माझं व्हायचं ते झालं. तुला कशाला?" आणि मी ते ऐकलं, कारण मला ते ऐकायचंच होतं.

सत्त्याहत्तरच्या सुरुवातीला निवडणुका जाहीर झाल्या आणि माणसं सुटायला लागली. जॉबरमामाचा मुलगा आला. नाशिकच्या तुरुंगात होता. अंगानं निम्मा झाला होता. बापलेक आमच्या दारावरून गेले. मामंजी ओसरीवर होते. पावलं ओळखून ते अर्धवट उठले, हात पुढे केला. पावलं थांबली नाहीत.

मार्चमध्ये निकाल लागला. गल्लीत फटाके वाजले, गुलाल उधळला. मामंजींनी रेडिओवर आकडे ऐकले, फटाके ऐकले. सरकार पडलं यावर त्यांचा विश्वास बसला. हसले नाहीत, पण त्या दिवशी दोन घास जास्त जेवले.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. मी मधलं पान उघडलं आणि मला वाचवेना. रात्रीत संपादकाला वाचा फुटली होती. पानाची अख्खी डावी बाजू भरून लिहिलं होतं. देशाला तुरुंग केलं, लेखणी मोडली, माणसं उचलून नेली आणि आईबापांना त्यांचा ठावठिकाणाही सांगितला नाही. शब्द सगळे जळजळीत होते. तथापिसुद्धा होतं. माझा आवाज चढला. परवापर्यंत हाच संपादक देशाचे सुटकेचे श्वास मोजत होता, हे मला दिसत होतं, तरी मला आनंद झाला. मामंजींसाठी झाला. उशिरा का होईना, त्यांचा पेपर त्यांना परत मिळत होता.

वाचून झालं. मामंजी डोळे मिटून बसले होते.

"बास कर आता," म्हणाले.

"मामंजी?"

"पुन्हा सुरू केलंस?"

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हणाले, "नाही हो. हे छापलंय. शप्पथ. तुमच्या मुलाला बोलावते, तो वाचेल." बँकेत निघालेल्या नवऱ्याला आतून बोलावलं. त्यानं अडखळत पहिला परिच्छेद वाचला. मामंजींनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "त्यालाबी शिकीवलंस व्हय."

मी पेपर त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार? त्यांनी तो बोटांनी चाचपला, मधलं पान, डावीकडची बाजू, जणू शाई हाताला लागली असती तर कळलं असतं. मग घडी घालून माझ्याकडे दिला. आवाजात राग नव्हता.

"चांगलं लिवतीस गं. पर आईबापांचं कशाला घातलंस पुन्हा? आता कुनाचं पोर सोडवायचंय तुला?"

त्या दिवसापासून त्यांनी पेपर बंद केला. पेपरवाल्याला निरोप मलाच द्यायला लावला. पुढे तीन वर्षं ते जगले, पण तो अग्रलेख खरा होता हे त्यांनी मरेपर्यंत मानलं नाही.